मग मी जेवणार काय?

आमच्या ओपीडीत पहिला प्रश्न बहुतेक वेळा पेशंट विचारतच नाही. विचारतो नवरा, नाहीतर भाऊ, नाहीतर सोबत आलेल्या सासूबाई. खर्च किती येईल? किती दिवस ॲडमिट राहावं लागेल? टाके किती पडतात? ज्याचं ऑपरेशन व्हायचं ते माणूस फायलीच्या कोपऱ्याशी चाळा करत गप्प बसलेलं असतं. मी पुण्यात, वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया होतात अशा एका विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. सर्जनना भेटून झालं की लोक माझ्या खोलीत येतात. त्यांच्यासमोर जे बोलायचा धीर झाला नाही ते इथे बोललं जातं, आणि सोबतची मंडळी चहाला गेली की तर आणखीच वेगळं काही निघतं.

माझ्या खोलीतल्या खुर्च्यांना हात नाहीत. ते मुद्दाम मागून घेतलंय. हाताच्या खुर्चीत बसताना आणि त्याहून तिच्यातून उठताना काय होतं, ते इथे येणाऱ्या बहुतेकांनी बँकेत, नाट्यगृहात, लग्नाच्या हॉलमध्ये चार लोकांदेखत सोसलेलं असतं. वजनकाटाही नेहमीच्या दवाखान्यात असतो त्यापेक्षा मोठा आहे. शेवटचं वजन कुठे केलं होतं असं विचारलं की कुणी कुणी खाली बघत सांगतं, अडतीच्या दुकानात, पोत्यांच्या काट्यावर. हे ऐकून मला दर वेळी राग येतो, आणि तो कमी होऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

मग ठरलेला प्रश्न येतो. "मॅडम, यात चरबी काढून टाकतात ना?" चरबीला हातसुद्धा लावत नाहीत. काम असतं जठरावर, आणि काही प्रकारांत आतड्यावर. तेही पोटावर चार-पाच लहान छेद घेऊन, दुर्बिणीतून. स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी शिल्लक ठेवतात. जिथे एक-दीड लिटर मावत होतं तिथे मग १०० ते १५० मिलिलिटर मावतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि ती लहान आतड्याला पुढे नेऊन जोडतात. अन्न जठराचा उरलेला भाग आणि आतड्याची सुरुवात टाळून खाली जातं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये या प्रकाराची सुरुवात केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं आणि ते वाढायला तयार नसतं, हे त्यांच्या नजरेला आलं होतं.

लोकांना यातलं "पोट लहान केलं" एवढं पटकन कळतं. पण स्लीव्हमध्ये जो भाग जातो, तिथेच भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असतं. बायपासनंतर अन्न आतड्यात लवकर उतरतं आणि तृप्ती कळवणारी संप्रेरकं वाढतात. म्हणून ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत पेशंट घाबरून फोन करतात, "भूकच लागत नाहीये, काही बिघडलंय का?" एक बाई तर रडतच म्हणाल्या, "ताटात काहीतरी उरलंय आणि मला ते नको आहे, असं मला आजवर कधीच झालं नव्हतं." बाकीची माणसं रोज जशी ताटावरून उठतात, तसं उठायला त्यांना चाळिशी ओलांडावी लागली.

हे सांगायला लागते, तेवढ्यात सासूबाई किंवा भाऊ तो दुसरा प्रश्न विचारतात. प्रश्न मला असतो, ऐकवायचा पेशंटला असतो. "पण मनावर घेतलं तर व्यायामानं होणार नाही का?"

या प्रश्नाशी मी कधीच घाईत बोलत नाही. कारण समोरच्या माणसानं ते शंभरदा मनावर घेतलेलं असतं. सकाळचं लिंबू-मध-पाणी झालेलं असतं, रात्रीचं जेवण सोडून झालेलं असतं, जिमची वर्षाची फी भरलेली असते, कुठली कुठली पावडर घेऊन झालेली असते. दहा-बारा किलो उतरलेले असतात आणि पंधरा परत आलेले असतात. वजन घटलं की शरीर ते संकट समजतं. भूक वाढवणारी संप्रेरकं वाढवतं, तृप्तीची कमी करतं, ऊर्जा जपून खर्चायला लागतं. थोड्या वजनाच्या बाबतीत माणूस या ओढाताणीत जिंकू शकतो. चाळीस-पन्नास किलो जास्त असलेल्या माणसाला हीच झुंज रोज, आयुष्यभर द्यायला सांगणं क्रूरपणाचं आहे.

स्वीडनमध्ये १९८७ पासून एक फार मोठा अभ्यास चालला. एका बाजूला शस्त्रक्रिया झालेले २०१० लोक, दुसऱ्या बाजूला तितक्याच स्थूलतेचे, नेहमीचे उपचार घेणारे २०३७ लोक. दुसऱ्या गटाचं सरासरी वजन पंधरा वर्षांत जवळपास जागचं हललं नाही. दोन टक्के वर, दोन टक्के खाली. ते सगळे आळशी होते असं कुणी म्हणेल का? शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन उतरलं, आणि २००७ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या मानाने साधारण एक चतुर्थांशाने कमी भरलं. हे आकडे मी नातेवाइकांना सांगते ते पेशंटच्या समोर, मुद्दाम. ऐकताना त्या माणसाची मान जराशी वर येते. मला या नोकरीतला तो क्षण सगळ्यात प्रिय आहे.

आहाराची आणि चालण्याची किंमत यात कुठेही कमी होत नाही. माझं पोटच त्यावर चालतं. ज्यांचं वजन दहा-पंधरा किलो जास्त आहे त्यांना मी ऑपरेशनच्या वाटेला जाऊच देत नाही, आणि "लग्नाआधी पटकन करून घेऊ" म्हणणाऱ्यांना तर अजिबात नाही.

मग कुणाला जाऊ देते? इथे बीएमआयचा हिशेब येतो, म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. अमेरिकेत १९९१ मध्ये मर्यादा ठरली: ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असा आजार. आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी हे आकडे नंतर अडीचने खाली आणले गेले, साडेसदतीस आणि साडेबत्तीस. २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी ते आणखी सैल केले. खाली का आणले, हे समजवायला मला पुण्याचंच उदाहरण हाताशी आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. दोघंही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२. आपली माणसं बारीक दिसत असली तरी आतून चरबी बाळगून असतात, ती जास्त करून पोटाच्या पोकळीत, आणि मधुमेह आपल्याला कमी वजनावर गाठतो. "माझी जाऊ माझ्यापेक्षा जाड आहे, तिला शुगर नाही, मला कशी?" असं विचारणाऱ्या बाईला मी हा फोटो दाखवते. तिच्या मनातला अपराधीपणा थोडा तरी निवळतो.

अडचण अशी की विम्याचा नियम जुन्या आकड्यांवरच थांबलाय. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित कलमात शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय ४०, किंवा ३५ आणि त्यासोबत गंभीर आजार, अशी अट आहे. त्यामुळे ३३ चा बीएमआय, आवाक्यात न येणारी शुगर आणि सुजलेले गुडघे घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर म्हणतात, करायला हवं. मेडिक्लेमवाले म्हणतात, बसत नाही. अशा माणसांसमोर बसणं मला जड जातं. हा नियम बदलायला हवा, असं मला स्पष्ट वाटतं. भारतीय शरीराचं मोजमाप भारतीय शरीरावरूनच व्हायला हवं.

"जिवाला धोका आहे का?" हा प्रश्न साधारणपणे नवरा विचारतो, आवाज खाली आणून. कुणी म्हणतं, गडकरींनी केलंय की, २०११ ला पेपरात आलं होतं. लगेच दुसरं कुणी म्हणतं, ती इजिप्तची बाई गेली ना शेवटी? २०१७ मध्ये एमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली, तेव्हा या शस्त्रक्रियेचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं, आणि त्याच वर्षी ती अबुधाबीत वारली तेव्हा भीतीही पोचली. ती वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली होती, हृदय आणि मूत्रपिंडं आधीच थकलेली होती. तिच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधता येत नाही. पण म्हणून "काही होत नाही हो" हे उत्तरही मला मान्य नाही. अमेरिकेत ४,७७६ रुग्णांच्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांतल्या मृत्यूचं प्रमाण हजारात तीन होतं, आणि शंभरातल्या चार जणांना काही ना काही मोठी गुंतागुंत झाली. शिवणीतून गळती, रक्तस्राव, पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाणं. म्हणून ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी पेशंटला उठवून चालवतात. म्हणून तीन गोळ्यांचं ते फुंकायचं, खरं तर श्वास आत ओढायचं, खेळणं आधीपासून हातात देतात. म्हणून ऑपरेशनपूर्वी दोन आठवडे जवळपास द्रव आहारावर ठेवतात. त्यात यकृत आकसतं आणि सर्जनला जठरापर्यंत नीट पोचता येतं. नातेवाइकांना वाटतं, ऑपरेशनआधी चांगलं खाऊनपिऊन घेऊ दे बिचारीला. त्या दोन आठवड्यांत घरातल्या प्रेमाला आवर घालणं हे माझं मोठं काम असतं.

याच ठिकाणी मीही एक प्रश्न विचारते आणि खोलीत शांतता पसरते. "मिसरी लावता का?" सिगारेट ओढता का, तंबाखू खाता का, असं विचारलं तर बायका सरळ नाही म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात, मिसरीला त्या तंबाखूत धरतच नाहीत. ती दात घासायची गोष्ट. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. जोडलेल्या आतड्यावर जखम होण्याचा धोका तिने वाढतो, टाके भरायला वेळ लागतो. आयुष्यभराची सवय सोडायला एखाद्या काकूंना महिने लागतात. ऑपरेशन तेवढं पुढे जातं. जाऊ दे.

आणि मग सोबतचे उठून गेले की तो प्रश्न येतो, ज्यासाठी खरं तर माझी खोली आहे. "मॅडम, मग मी जेवणार काय?"

या प्रश्नात घाबरलेपण असतं, थोडा शोकही असतो. खाणं हा ज्यांचा एकमेव विसावा होता त्यांच्याकडून आपण तो काढून घेत असतो, हे मी विसरत नाही. पहिले दोन आठवडे द्रव, मग मऊसर वाटलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं, असा क्रम असतो. नेहमीचं म्हणजे घरचंच. वेगळं काही मागवायची गरज नाही. बदलतो तो ताटातला मान. आजारी माणसाला मऊ भात, वर तूप आणि मेतकूट, हे आपल्या आयांच्या हाडात मुरलेलं आहे. माहेरून आई येते ती तांदळाची कणी घेऊनच. तिला समजावावं लागतं की आता पोटात अर्धी-पाऊण वाटी मावते आणि रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं जायलाच हवीत. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतील. त्या अर्ध्या वाटीत भात शिरला तर वरणाला जागा कुठली? एका वाटी घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. कोकणातून किंवा गोव्यातून आलेला पेशंट असला की माझा जीव भांड्यात पडतो. बांगडा, मांदेली, सुरमई, काम सोपं. शाकाहारी घरात मूग, मटकी, मसूर, दही, पनीर, सोयाबीन यांची रोजची जुळवाजुळव बसवावी लागते, आणि बहुतेकांना सुरुवातीला प्रथिनांची पावडर लागतेच. पिठलं या काळात फार उपयोगी पडतं. पातळसर, बिनतिखट पिठलं. ते खाताना पेशंटच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जेवल्याचं समाधान दिसतं.

घास नीट चावायचा. जेवायला वीस मिनिटं तरी घ्यायची. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाने प्यायचं. गोड, विशेषतः बायपासनंतर, सांभाळून. दोन गुलाबजाम खाल्ले की काही मिनिटांत घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते, आडवं व्हावं लागतं. साखर एकदम आतड्यात उतरल्याचा तो परिणाम. हे सगळं मी कागदावर लिहून देते, लोक कागद घडी करून पर्समध्ये ठेवतात.

कागदावर लिहिता येत नाही ते वेगळंच असतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांमधल्या अनेक जणी घरातला स्वयंपाक स्वतः करतात. सगळ्यांना गरम पोळ्या वाढून झाल्या की उरलेलं, गार झालेलं, पातेल्याला चिकटलेलं, मुलांनी ताटात टाकलेलं, ते त्यांचं जेवण. ते उभ्या उभ्या, पाच मिनिटांत, दुपारी तीन वाजता. मी त्यांना सांगते, तुम्ही ठरल्या वेळेला, बसून, ताज्या अन्नाची वाटी पुढे घेऊन, सगळ्यांच्या आधी जेवायचं. वीस मिनिटं उठायचं नाही. त्या माझ्याकडे असं बघतात की मी अशक्य काहीतरी मागितलंय. ऑपरेशनला तयार झालेली बाई या अटीला कचरते. "सासऱ्यांच्या आधी कशी जेवू?" हा प्रश्न मला या शहरात, या काळात, अजून विचारला जातो. तेव्हा मी चहाला गेलेल्या सगळ्यांना परत आत बोलावते आणि ही अट त्यांना सांगते. डॉक्टरी सल्ला म्हणून सांगितलं की घरं ऐकतात. सासरे पुष्कळदा सगळ्यात आधी मान डोलावतात. काही घरांत त्यानंतर सगळेच एकत्र बसून जेवायला लागलेत, असं पुढच्या भेटीत कळतं, आणि त्या दिवशी मला काट्यावरचा आकडा बघायचीही घाई नसते.

आग्रहाचं काय करायचं, हे मात्र मला पूर्ण सुटलेलं नाही. आपल्याकडे वाढणाऱ्याचा हात मागे घेणं म्हणजे त्याचा अपमान. "एवढंसंच? आवडलं नाही का?" "एक पुरणपोळी, माझ्यासाठी." लहान झालेल्या पोटात तो एक घास जास्त झाला की छातीत दाटतं आणि उलटी होते, भर पंगतीत. मग माणसं लग्नाला जायचंच टाळतात. "लोकांना सांगायचं का?" हा प्रश्न इथूनच येतो. पुष्कळ जण लपवतात. पित्ताचं ऑपरेशन झालं म्हणून सांगतात. लपवायचा हक्क त्यांचा आहे, मी कधी हटकत नाही. पण जी माणसं तुमच्यासोबत स्वयंपाकघरात उभी राहतात त्यांना तरी सांगा, एवढं म्हणते. आणि जी मावशी वाचत असेल तिला हात जोडून विनंती, कुणी "बास" म्हटलं तर एकदाच ऐका.

एक प्रश्न मी पेशंटऐवजी आयांकडून ऐकते, दाराबाहेर, मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने. "मग स्थळं येतील ना हो?" तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी आत बसलेली असते, पाळी महिनोन्महिने चुकलेली, मानेवर काळे पट्टे, शुगर उंबरठ्यावर. तिला काय विचारायचं असतं? तिला विचारायचं असतं की केस गळतील का. गळतात, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बरेच, आणि प्रथिनं-लोह नीट गेलं तर परत येतात. कातडी लोंबेल का, थोडी लोंबते. मूल होईल का, हा प्रश्न ती आई नसताना विचारते. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढतेच, उलट पहिलं वर्ष-दीड वर्ष तो राहू नये म्हणून काळजी घ्यावी लागते, आणि बायपासनंतर त्यासाठी नुसत्या गोळ्यांवर विसंबता येत नाही. स्थळांबद्दल मी काही बोलत नाही. त्या मुलीच्या यकृतावर चरबी साचलीये, हे मी आईला सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून दाखवते.

पुरुष कमी येतात, आणि येतात ते बायकोने आणल्यामुळे. ती सांगते, हे रात्री घोरता घोरता थांबतात, श्वासच बंद होतो, मी जागी राहून मोजत बसते. पुरुषांचा आवडता प्रश्न "नंतर ड्रिंक्स चालतात का?" हसण्यावारी विचारलेला असतो, पण मी त्याला गंभीरपणे उत्तर देते. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर चढते, आणि काही जणांना खाण्याचा आधार सुटल्यावर तिचा आधार लागतो. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून खायची सवयही सोडावी लागते. त्यांनी जोडावर अल्सर होतो.

गेल्या वर्षभरात एक नवा प्रश्न सगळ्यांना मागे टाकून पुढे आलाय. "मग इंजेक्शनच का नको?" २०२५ मध्ये मार्चला मौंजारो (म्हणजे टिर्झेपेटाइड) आणि जूनला वेगोव्ही (म्हणजे सेमाग्लुटाइड) आपल्याकडे आलं, तेव्हापासून रोज. प्रश्न अगदी रास्त आहे. तृप्तीची जी संप्रेरकं बायपासनंतर वाढतात, त्यांच्याच धर्तीवर ही औषधं काम करतात. अभ्यासांत सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपेटाइडच्या मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास वजन घटलं. कित्येकांना तेवढं पुरेल, आणि त्यांनी ऑपरेशन टाळावं. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं, हेही त्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात दिसलं. म्हणजे चालू ठेवावं लागणार, दर महिन्याचा खर्च धरून.

दर महिन्याचा खर्च ऑपरेशनलाही चुकत नाही, हे मी आवर्जून सांगते. ऑपरेशनचे पैसे लोक कसेही उभे करतात. एफडी मोडतात, भाऊ देतो. त्यानंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, तपासण्या, हे आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियम दोन तासांच्या अंतराने. वर्ष-दोन वर्षांनी माणसाला छान वाटायला लागतं, गोळ्या सुटतात, आणि मग हातापायांना मुंग्या येतात, जिना चढताना दम लागतो. एखाद्याला सारख्या उलट्या होत असतील आणि त्याने "होईल बरं" म्हणून अंगावर काढलं, तर बी-१ कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा उलट्या थांबत नसतील तर लगेच या. रात्री या, रविवारी या.

मधुमेह जाईल का, हेही इथेच सांगून टाकते. अमेरिकन सर्जन वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये आपले निष्कर्ष छापले तेव्हा लेखाच्या मथळ्यातच "कुणाला वाटलं असतं?" असा उद्गार होता, मधुमेही रुग्णांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांची साखर बायपासनंतर सामान्य राहिली होती. पुढे क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासात जास्त कडक निकष लावला, पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सहा टक्क्यांच्या आत, तेव्हा बायपासचे २९ टक्के, स्लीव्हचे २३ टक्के आणि नुसत्या औषधांवरचे ५ टक्के लोक त्यात बसले. बाकीच्यांच्याही गोळ्या आणि इन्सुलिन बरंच कमी झालं. मधुमेह जुना असेल तर आशा माफक ठेवायची.

आणि वजन परत येतं का? येतं, थोडं. त्याच स्वीडिश अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. मी हा आकडा पहिल्याच भेटीत सांगते, कारण तो माहीत नसलेली माणसं चार किलो वाढले की आमच्याकडे यायची बंद होतात. त्यांना वाटतं, एवढं करूनही आपण हरलो, आता कुठल्या तोंडाने जायचं. फोन उचलत नाहीत. शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलाला वाटते तशी भीती साठीच्या माणसांना माझी वाटावी, याचं मला फार वाईट वाटतं. वजन वाढलं असेल तेव्हाच आमची गरज जास्त. औषध देता येतं, आहार बदलता येतो, नळी सैल झालीये का ते तपासता येतं. कुणीही रागावणार नाही, याची हमी मी माझ्या नावावर देते.

मध्यंतरी पुरंदरकडच्या एक मावशी आल्या होत्या. ऑपरेशन होऊन वर्ष उलटलेलं, गुडघे हलके झालेले. रिपोर्ट बघायच्या आतच म्हणाल्या, "ताई, औंदा वारीला जाऊ का?" लग्नाआधी आईबरोबर गेल्या होत्या, नंतर संसार आणि मग वजन. पालखी दरवर्षी दिवेघाट चढून सासवडला येते तेव्हा रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून त्या दर्शन घ्यायच्या. मी हिमोग्लोबिन बघितलं, बी-१२ बघितलं, दोन्ही चांगलं होतं. दिंडीत जेवायला काय असतं ते विचारलं. भाकरी, पिठलं, आमटी-भात, वाटेत लोक केळी, लाडू, चहा देतात. मग आम्ही दोघी बसलो. आमटीतली डाळ खालून मागून घ्यायची, भात चव घेण्यापुरता. पिशवीत फुटाणे आणि पावडरच्या पुड्या. पाण्याची बाटली कमरेला, घोट घोट, दर थोड्या वेळाने, तहान लागायची वाट न बघता. लाडू हातात घ्यायचा, माऊली म्हणायचं आणि शेजारच्या बाईला द्यायचा. घाटात दम लागला तर दिंडीच्या ट्रकमध्ये बसायचं, त्यात काही कमीपणा नाही. गोळ्यांचा डबा मुलाने वारांप्रमाणे भरून द्यायचा.

"आणि एकादशीचं?" त्यांनी विचारलं. "पंढरपुरात पोचून उपास नाही करायचा, असं नका सांगू."

नाही सांगितलं. निर्जळी मात्र करायची नाही, हे कबूल करून घेतलं. साबुदाणा लहान पोटात चिकट गोळा होऊन बसतो आणि त्यात प्रथिनं नावालाही नाहीत, तेव्हा तो नको. दही चालेल, दूध चालेल, घट्ट ताक, मूठभर भाजलेले शेंगदाणे चावून चावून, राजगिऱ्याची लापशी बिनसाखरेची. त्यांनी बोटांवर मोजत सगळं एकदा म्हणून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीला पारण्याला काय खायचं, तेही विचारून घेतलं.